खेळातील पाळी आणि विसावा



कोल्हापूर हे पैलवानांचे गाव. येथे शरीरबळाविषयी कोणी चार शब्द सांगू लागला, तर ऐकणाऱ्यांत त्याच्याहून जाणते दहा जण निघावयाचे. ज्यांचे बालपण तालमीच्या तांबड्या मातीत गेले, किंवा ज्यांच्या घरी वडील-आजोबांच्या कुस्त्यांच्या गोष्टी रात्रीच्या जेवणानंतर निघतात, त्यांस जोर-बैठकांचे महत्त्व मी काय सांगावे? म्हणून आज मी बळ कमावण्याविषयी बोलणार नाही. बळाच्या खर्चाविषयी बोलणार आहे. पैसा मिळविणे ही एक विद्या आणि तो योग्य वेळी, योग्य ठिकाणी खर्च करणे ही दुसरी. शक्तीचेही तसेच आहे. शक्ती मिळविण्याची विद्या आपल्या गावास पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. परंतु ती थोड्या वेळात पुरती कशी वेचावी, केव्हा थांबावे आणि थांबून पुन्हा कशी भरून घ्यावी, या दुसऱ्या विद्येकडे आपले, विशेषतः मुलांच्या बाबतीत, दुर्लक्ष होते. हॉकी खेळणाऱ्या मुलामुलींच्या निमित्ताने आज तिचा थोडा विचार करू.

हॉकीचे नाव निघाले की मेजर ध्यानचंद डोळ्यांपुढे उभे राहतात. त्यांच्या नावाचे हॉकी मैदान आपल्या शहरातही आहे. १५ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिन येथे त्यांच्या संघाने अंतिम सामन्यात जर्मनीचा ८ विरुद्ध १ असा पराभव केला, ही गोष्ट शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. त्या काळचा सामना पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या दोन भागांचा असे. ज्या अकरा जणांनी आरंभ करावयाचा, त्यांनीच शेवट करावयाचा; मधून ताजा गडी आत घेण्याची सोय नव्हती. साहजिकच खेळाडूला आपली शक्ती सत्तर मिनिटे पुरवून पुरवून वापरावी लागे. कोठे धावावयाचे आणि कोठे नुसते उभे राहावयाचे, याचा हिशेब त्याला सतत मनात ठेवावा लागे.

पुढे खेळ पालटला. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून मोठे सामने गवताऐवजी कृत्रिम हिरवळीवर होऊ लागले. सपाट मैदानावर चेंडूचा वेग वाढला आणि त्याबरोबर पायांचाही वाढला. १९९२ पासून सामना चालू असताना हवे तितक्या वेळा खेळाडू बदलण्याची मुभा मिळाली; बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो. २०१४ नंतर मोठ्या स्पर्धांत दोन भागांऐवजी पंधरा मिनिटांचे चार भाग झाले. सामान्यतः संघ अठरा जणांचा असतो. त्यांतील अकरा मैदानात आणि सात बाहेर. हे बाहेरचे सात जण आता कोणी जायबंदी होण्याची वाट पाहत बसलेले नसतात. तेही खेळातच असतात, फक्त त्यांची पाळी यावयाची असते. मोठ्या सामन्यात पुढच्या फळीचा खेळाडू पुष्कळदा पाच-सात मिनिटे जिवाच्या आकांताने धावतो, बाहेर येतो, दम घेतो आणि पुन्हा आत जातो. गिरणीत जशी कामगारांची पाळी, तशीच ही खेळाडूची पाळी.

थंड देशांत बर्फावर जी हॉकी खेळतात आणि जी आपल्याकडे लडाखची मुलेही हौसेने खेळतात, तिच्यात ही पाळी याहूनही आखूड असते. तेथे गोलरक्षकासह सहाच जण बर्फावर असतात आणि पाऊण ते एक मिनिटाच्या आत बाहेरचा गडी आत येतो. तितक्या वेळात मनुष्य आपले सर्व बळ ओतू शकतो. त्याहून अधिक वेळ थांबला तर तो अडगळ होऊन बसतो.

ही कल्पना आपणांस परकी वाटण्याचे कारण नाही. तिचा उत्तम धडा आपल्या अंगणातल्या खो-खोने फार पूर्वीच दिला आहे. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर या खेळाचे नियम बांधण्यास आरंभ झाला. त्यातील योजना पाहा. पाठलाग करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले आणि एकटा धावणारा. एकदा धरलेली दिशा त्याला बदलता येत नाही, बसलेल्यांच्या मधली वाट ओलांडता येत नाही. पळणारा निसटला की त्याने बसलेल्या गड्याच्या पाठीशी जाऊन खो द्यावयाचा आणि त्याच्या जागी आपण बसावयाचे. प्रत्येकाची पाळी मोजून काही क्षणांची! पळणारेही तीन-तीनांच्या तुकडीने आत येतात. तिघे बाद झाले की पुढचे तिघे. या खेळात थोर कोण? वाऱ्यासारखा धावणारा थोर खराच. पण त्याच्याहून थोर तो, जो नेमक्या क्षणी खो देतो. दमल्यावरही हट्टाने धावत राहणारा गडी संघाला बुडवितो, हे खो-खो खेळलेल्या प्रत्येक मुलामुलीस ठाऊक असते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी विजय मिळविला. त्यांचे कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोघेही आपल्या महाराष्ट्राचेच, ही आनंदाची गोष्ट आहे. कबड्डीतही चढाई तीस सेकंदांची. तेवढ्या वेळात जे करावयाचे ते करून गड्याने परतावयाचे असते. खो आणि चढाई ज्यांच्या अंगी मुरली आहे, त्यांच्या मुलांना हॉकीतील पाळी शिकविणे अवघड जाऊ नये.

आता शरीराच्या बाजूने ही गोष्ट थोडी तपासून पाहू. कारण 'मुलगा दमतो, म्हणजे कच्चा आहे. त्याला आणखी धावडवा', एवढ्याच समजुतीवर पुष्कळ ठिकाणी शिक्षण चालते.

आपल्या शरीरात शक्ती पुरविण्याच्या तीन सोयी आहेत. गृहस्थाच्या उदाहरणाने सांगावयाचे तर पहिली म्हणजे खिशातील सुटे पैसे. ते ताबडतोब हाती येतात, पण थोडेच असतात. स्नायूंत साठविलेले क्रिएटिन फॉस्फेट नावाचे द्रव्य हे ते सुटे पैसे होत. पूर्ण वेगाने धाव घेतली की सुमारे दहा सेकंदांत ते सरत येतात. दुसरी सोय म्हणजे घरातील पेटी. स्नायूंतील साखरेचा साठा प्राणवायूची वाट न पाहता जाळून शरीर आणखी मिनिट-दीड मिनिट जोराचे काम रेटते. परंतु या उचलीवर व्याज चढते. स्नायूंतील आम्लता वाढते, पाय जड होतात, नेम चुकू लागतो. तिसरी सोय म्हणजे शेताचे उत्पन्न. श्वासाबरोबर आलेल्या प्राणवायूच्या साह्याने मिळणारी ही शक्ती सावकाश हाती येते, पण दीर्घकाळ पुरते.

यातील महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. खिशातील सुटे पैसे संपले तरी ते पुन्हा लवकर भरतात. थांबल्यानंतर सुमारे अर्ध्या मिनिटात निम्मे आणि तीन-चार मिनिटांत जवळजवळ सगळे. मात्र ते भरतात त्या तिसऱ्या सोयीतून, म्हणजे शेताच्या उत्पन्नातून. ज्याचा श्वास चांगला कमावलेला आहे, त्याचा खिसा लवकर भरतो. म्हणून रंकाळ्याभोवती सकाळी धावणारी मुले पाहून कोणी 'आता याचा काय उपयोग?' असे म्हणू नये. त्या धावण्याचा उपयोग मोठा आहे. परंतु ते धावणे म्हणजे पाया होय. पाया बांधून झाला म्हणजे घर झाले, असे कोणी समजत नाही. रोज एकाच संथ गतीने फेऱ्या मारणारा मुलगा संथ गतीने धावण्यात तरबेज होतो. सामन्यात मात्र त्याला दहा पावलांत वाघासारखी झेप घ्यावयाची असते.

लहान मुलांविषयी येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. वयात येण्यापूर्वी मुलांच्या शरीरात ती दुसरी सोय, म्हणजे पेटीतील उचल, पुरती पक्व झालेली नसते. ती प्राणवायूवर अधिक अवलंबून असतात. त्यामुळे अशी मुले चटकन दमतात आणि चटकन सावरतातही. दहा वर्षांच्या मुलाला मिनिट-मिनिटभर छाती फुटेपर्यंत पळविण्यात काही लाभ नाही. त्याला पाच-सहा सेकंदांच्या धावा द्याव्या, त्याही खेळाच्या रूपाने. चौदा-पंधरा वर्षांच्या पुढे हळूहळू लांबी वाढवावी.

श्रम आणि विसावा यांची अशी गुंफण करण्याचे शास्त्र नवे नाही. जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर या शिक्षकाने १९३० नंतरच्या दशकात मोजक्या धावा आणि मोजका विसावा या पद्धतीने शिष्य तयार केले. त्यांतील रुडोल्फ हार्बिग याने १९३९ साली आठशे मीटरची शर्यत १ मिनिट ४६.६ सेकंदांत जिंकून जो विक्रम केला, तो १९५५ पर्यंत कोणाला मोडता आला नाही. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक चारशे मीटरच्या धावा पुनःपुन्हा घेई आणि त्यांच्यामध्ये संथ धावून दम खाई. त्याने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशा तीन शर्यती जिंकल्या.

हेलसिंकीचे नाव निघाले म्हणजे कोल्हापूरकराला आणखी एका नावाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे आणि आपल्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी खाशाबा जाधव यांनी त्याच स्पर्धेत कुस्तीचे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्या दिवसाची हकिगत सर्वत्र सांगितली जाते, ती आपल्या विषयाला फार लागू आहे. जपानच्या शोहाची इशीबरोबर खाशाबांची दीर्घ आणि अटीतटीची लढत झाली. ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत रशियाच्या राशिद मामेदबेयोव्ह याच्याशी झुंजण्यास उभे करण्यात आले. दोन लढतींमध्ये निदान अर्ध्या तासाचा विसावा मिळावा, असा नियम होता. परंतु त्यांच्या वतीने तो नियम बोलून दाखविणारा कोणी भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. थकल्या अंगाने खाशाबा ती लढत हरले. पुढे इशीला सुवर्ण आणि मामेदबेयोव्हला रौप्य पदक मिळाले.

खाशाबांच्या शौर्यात यामुळे तिळमात्र उणेपणा येत नाही. पण ज्या देहाला कृष्णाकाठची माती आणि कोल्हापूरची मेहनत लाभली होती, त्या देहालाही अर्ध्या तासाची गरज होती, हे आपण विसरू नये. जगातील उत्तम मल्लाला जर विसावा लागतो, तर आपल्या आठवी-नववीतल्या मुलाला तो लागू नये काय? आणि दुसरी गोष्ट अशी की, खेळणाऱ्याने स्वतःसाठी विसावा मागणे अवघड असते. त्याच्या वतीने बोलणारा कोणी तरी जवळ असावा लागतो. मुलांच्या मैदानावर ते काम शिक्षकाचे आणि पालकाचे आहे.

आता प्रत्यक्ष शिक्षणाकडे वळू. फार साहित्य लागत नाही. एक शिटी, एक घड्याळ, काही चेंडू आणि शिकविणाऱ्याची थोडी शिस्त एवढे पुरे.

प्रथम दहा-बारा मिनिटे अंग तापवावे. चालणे, मंद धावणे, सांधे मोकळे करणे, मग वाकून स्टिकने चेंडू ढकलीत जाणे. अंग थंड असताना एकदम झेप घेतली की मांडीचे स्नायू दुखावतात.

नंतर सहा ते आठ छोट्या धावा घ्याव्या. प्रत्येक धाव पाच-सहा सेकंदांची आणि पूर्ण जोराची. दोन धावांमध्ये अर्धा मिनिट चालत परतणे. येथे शिक्षकाने कसून पाहावयाचे ते एवढेच की, धाव खरोखर पूर्ण जोराची आहे काय. पुष्कळ मुले पुढे बरेच धावावयाचे आहे हे जाणून आरंभापासूनच हात राखून धावतात. ही सवय एकदा अंगी जडली की सुटत नाही. तीन धावा जीव लावून झाल्या तर त्या दहा अर्धवट धावांहून श्रेष्ठ समजाव्या. सहाव्या धावेत वेग उतरला, तर सातवी घेऊ नये. थोडे थांबावे, पाणी द्यावे आणि दुसऱ्या कामाला लागावे.

त्यानंतर खेळ. अठरा मुले असतील तर तिघा-तिघांच्या सहा तुकड्या कराव्या आणि दोन-दोन तुकड्यांची जोडी लावून तीन जोड्या बनवाव्या. मैदानाचा एक लहानसा चौकोन आखून त्यात एका जोडीने दोन मिनिटे खेळावे. शिटी झाली की ती बाहेर, दुसरी जोडी आत, मग तिसरी. याप्रमाणे प्रत्येक मुलगा दोन मिनिटे खेळतो आणि चार मिनिटे विसावा घेतो. पाच फेऱ्यांना अर्धा तास पुरतो. त्यात प्रत्येकाच्या वाट्याला दहाच मिनिटे खेळ येतो. पण लहान जागेत तीनच गडी असल्यामुळे त्या दहा मिनिटांत चेंडू सारखा त्याच्याकडे येतो. मोठ्या मैदानावर अकराजणांत खेळताना भिडस्त मुलाकडे तासाभरात जितक्या वेळा चेंडू येत नाही, तितक्या वेळा तो येथे येतो. खो-खोतल्या तीन तुकड्यांची आठवण करून दिली, की मुलांना ही व्यवस्था क्षणात उमगते.

विसावा घेणाऱ्या मुलांनी एकदम खाली बसू नये. हळूहळू फिरत राहावे, म्हणजे रक्ताभिसरण चालू राहून दम लवकर भरतो. पाणी घोट-घोट प्यावे. डोळे मात्र खेळावर असावेत. आत जाणाऱ्या मित्राला बाहेर येणाऱ्याने जाता जाता एक वाक्य सांगावे, असा नियम मी मुलांस सुचवितो: 'उजवी बाजू मोकळी आहे' किंवा 'त्यांचा सहा नंबर दमला आहे.' एकच वाक्य. त्याने बाहेरच्या मुलाचे लक्ष खेळात राहते आणि आत जाणाऱ्याचे पहिले पाऊल आंधळे पडत नाही.

मुलगा पुन्हा आत जाण्यास सिद्ध झाला, हे कसे ओळखावे? उपकरणे असतील तर उत्तमच. नसतील तर एक साधी खूण आहे. त्याला आपले पूर्ण नाव, गाव आणि चालू गुण एका दमात सांगावयास लावावे. मध्ये धाप न लागता वाक्य पुरे झाले, तर त्याला पाठवावे. वाक्य तुटले, तर आणखी थोडे थांबवावे.

आणि बाहेर केव्हा घ्यावे? पाय थांबण्याची वाट पाहू नये. पायांच्या आधी दुसऱ्या गोष्टी थकतात. चेंडू हातचा गेल्यावर मुलगा तो परत मिळविण्यासाठी वळत नाही, जागच्या जागी उभा राहतो, ही पहिली खूण. कंबर ताठ होऊन स्टिकचे टोक जमिनीवरून उचलले जाते, ही दुसरी. आणि एरवी शांत असणारा मुलगा सोबत्यावर खेकसू लागतो, ही तिसरी. थकवा प्रथम बुद्धीला आणि स्वभावाला धरतो, मग पायांना. या खुणा दिसताच त्याला बोलवावे. मात्र नियम सांभाळून. बदल मध्यरेषेपासून तीन मीटरच्या आत व्हावयाचा. आधीचा बाहेर आल्यावरच नवा आत जावयाचा. आणि पेनल्टी कॉर्नर दिला गेला असेल तर तो पुरा होईपर्यंत थांबावयाचे. सरावातही हा बदल हुबेहूब करून घ्यावा. धावत बाहेर येणे हाही खेळाचाच भाग आहे; रेंगाळत येणारा आपल्या संघाला तेवढा वेळ एका गड्याने उणा ठेवतो.

सर्वांची पाळी सारखी नसते, हेही सांगून ठेवतो. पुढच्या फळीला सर्वांत अधिक झेपा घ्याव्या लागतात, म्हणून तिची पाळी आखूड. मागच्या फळीत समज आणि स्थैर्य यांचे महत्त्व असल्याने तेथील खेळाडू अधिक वेळ राहतो. गोलरक्षकाला तर सहसा हलवीतच नाहीत.

आहाराचा विषय मोठा आहे, एकच सांगतो. गंगावेशीतील कट्ट्यावर पेलाभर दूध पिऊन यावे, ही आपल्या गावची जुनी आवड आणि ती सुंदर आहे. परंतु खेळाच्या तोंडावर भरपेट दूध किंवा जेवण नको. जेवण दोन-तीन तास आधी उरकावे. दूध, अंडी, उसळ ही खेळानंतर. आणि झोपेचा वेळ कमी करून सराव वाढवू नये. चैत्र-वैशाखात दुपारच्या उन्हात मुलांना मैदानात उभे करणे तर सर्वथा वर्ज्य समजावे.

येथपर्यंत जे सांगितले ते पुष्कळ शिक्षकांस मान्य होईल. अडचण येते ती निराळ्याच ठिकाणी. मुलाला बाहेर बोलाविले की त्याचा चेहरा उतरतो. त्याला वाटते, आपले काही तरी चुकले. कुंपणापाशी उभे असलेले वडील विचारतात, 'आमच्यालाच का काढले?' घरी गेल्यावर आई विचारते, 'आज किती वेळ खेळलास?' आपल्या बोलण्यातच 'काढले' आणि 'बसविले' हे शब्द इतके रुजले आहेत की, बाहेर येणे म्हणजे शिक्षा, ही भावना मुलाच्या मनात आपणच घालतो. मग तो दमलो असे कधी सांगत नाही. दुखत असले तरी लपवितो. शक्ती राखून, अंग चोरून खेळतो, म्हणजे बाहेर यावे लागू नये. थोडक्यात, जे शिकू नये तेच शिकतो. आणि कित्येक मुले पंधरा-सोळाव्या वर्षी दुखरे गुडघे आणि कंटाळलेले मन घेऊन मैदान कायमचे सोडतात.

याची दुसरी बाजूही तितकीच दुःखद आहे. चार-पाच चुणचुणीत मुलांना सगळा वेळ खेळवावयाचे आणि उरलेल्यांनी बाहेर बसून टाळ्या वाजवावयाच्या, असे अनेक ठिकाणी घडते. त्या पाचांचे शरीर अतिश्रमाने झिजते आणि उरलेल्यांचे मन उपेक्षेने. पाळीची पद्धत या दोघांनाही तारते. दमलेल्याला विसावा मिळतो, तो दुसऱ्याला संधी देऊन मिळतो. अठरा मुलांनी एक सामना खरोखर वाटून घेतला, तर अठरा घरी त्या रात्री खेळाची गोष्ट निघेल.

काही जुनी मंडळी म्हणतील, 'आमच्या वेळी सत्तर मिनिटे अकरा जणच खेळत. आताची मुले नाजूक झाली.' त्यांचा मान राखून मी एवढेच म्हणेन की, त्या काळचा खेळाडू सत्तर मिनिटे खेळे, परंतु सत्तर मिनिटे पूर्ण वेगाने कोणीच धावत नव्हता. देहधर्मच तसा नाही. आज त्याच देहाकडून अधिक वेगाची अपेक्षा आहे, म्हणून विसाव्याचीही व्यवस्था आहे. आपल्या मातीतल्या कुस्तीतही हेच घडले. पूर्वी चितपट होईपर्यंत कुस्ती चाले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून पुरे केलेल्या खासबाग मैदानाने अशा दीर्घ कुस्त्या किती पाहिल्या असतील! आता मॅटवरील कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची आणि मध्ये तीस सेकंदांच्या विश्रांतीची आहे. तिच्यासाठी आपल्याच तालमींनी आपली मेहनत बदलून घेतली. जी गोष्ट वस्तादांनी स्वीकारली, ती हॉकीच्या शिक्षकाने स्वीकारण्यात कमीपणा कसला?

तेव्हा पालकांस माझी विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी मैदानावरून घरी आली की 'किती वेळ खेळलास?' असे विचारू नये. 'आत होतास तेवढा वेळ सगळा जीव लावलास ना? आणि बाहेर येताना पुढच्याला काय सांगून आलास?' असे विचारावे. आठ-पंधरा दिवसांत मुलाची उत्तरे बदलतील आणि उत्तरांबरोबर खेळही बदलेल. शिक्षकांनी बाहेर येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पाठीवर हात ठेवावा, मग त्याने गोल केलेला असो वा नसो. आणि 'बसविले' हा शब्द मैदानातून हद्दपार करून 'पाळी झाली' असे म्हणावे. शब्द लहान आहे, पण मुलाच्या मनावर त्याचा ठसा मोठा उमटतो.

सर्वच मुले काही देशाच्या संघात जाणार नाहीत. बहुतेकांच्या स्टिका चार-सहा वर्षांत माळ्यावर पडतील. परंतु आपली पाळी आली असता हातचे राखू नये, शक्ती सरली असता जागा अडवू नये, आणि जागा देताना येणाऱ्याच्या हिताचे चार शब्द सांगून जावे, हे ज्या मुलाने मैदानावर अंगी बाणविले, तो पुढे कचेरीत, संस्थेत किंवा घरात वडीलधारा म्हणून बसेल तेव्हाही त्याला ते उपयोगी पडेल. वेळेवर खो देणारी माणसे समाजाला नेहमीच हवी असतात.